चपलेच्या खोक्यातले हजार शब्द

आमच्या वस्तीत शेवटच्या गल्लीत एक घर आहे. दहा बाय पंधराची खोली, वर पोटमाळा. रात्री दहा वाजता वस्ती शांत झाली की या घरातून आई आणि मुलीचा आवाज ऐकू येतो. आई विचारते, "वरवर केलेलं, मन न लावता उरकलेलं?" मुलगी पोटमाळ्यावरून उत्तर देते, "पर्फंक्टरी!" आई पुढची चिठ्ठी उचलते. "तीन दिवसांत विरून जाणारं?" "इफेमरल!"

आई सातवी शिकलेली. अंगणवाडीत मदतनीस म्हणून काम करते. तिला इंग्रजी वाचता येत नाही. वडील भिवंडीतल्या रंगाईच्या कारखान्यात बावीस वर्षे स्टेंटर मशीनवर होते. मुलगी सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजातून बी. ई. झालेली, आणि पुढचे शिक्षण अमेरिकेत घ्यायचे म्हणून जी. आर. ई. या प्रवेशपरीक्षेची तयारी करणारी. गणिताची तिला भीती नव्हती. भीती होती ती इंग्रजी शब्दांची. दहावीपर्यंत मराठी माध्यमात, नगरपालिकेच्या शाळेत शिकलेल्या मुलीला ती वाटणारच.

आम्ही या घरी पाच-सहा वेळा जाऊन बसलो. जे पाहिले ते आमच्या वाचकांच्या घरातल्या मुलामुलींच्या उपयोगी पडेल असे वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच.

ही परीक्षा आहे तरी काय?

पदवीनंतर एम. एस., पीएच. डी. अशा शिक्षणासाठी अमेरिकेतली अनेक विद्यापीठे जी. आर. ई. चे गुण पाहतात. तिची सुरुवात १९३६ साली कार्नेगी फाउंडेशन आणि हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन व कोलंबिया या चार विद्यापीठांनी प्रयोग म्हणून केली. यातले कोलंबिया आपल्या घराघरांत माहीत आहे. बाबासाहेब १९१३ साली बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन तिथेच गेले होते. त्यांच्या वेळी ही परीक्षा नव्हती. पण परक्या भाषेत, परक्या देशात, रात्र रात्र जागून वाचण्याची परीक्षा होतीच.

सप्टेंबर २०२३ पासून ही परीक्षा लहान झाली आहे. पूर्वी जवळजवळ चार तास लागत, आता १ तास ५८ मिनिटे लागतात. त्यात एक निबंध, दोन भाग गणिताचे आणि दोन भाग भाषेचे. भाषेच्या दोन भागांत मिळून २७ प्रश्न आणि ४१ मिनिटे. गुण १३० ते १७० च्या दरम्यान मिळतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. पहिला भाग चांगला गेला तर दुसरा भाग अवघड येतो. तो अवघड वाटला म्हणून घाबरू नये. पहिला चांगला गेल्याचीच ती खूण असू शकते.

जुन्या काळी या परीक्षेत नुसते शब्द देऊन विरुद्धार्थी शब्द विचारत. त्या वेळी मुले बॅरन्सच्या जाडजूड पुस्तकातली साडेतीन हजार शब्दांची यादी अ पासून पाठ करायला बसत आणि ब पर्यंत पोहोचेस्तोवर थकत. २०११ साली ते प्रश्न काढून टाकले. आता शब्द विचारतात ते वाक्यात घालून. जवळजवळ निम्मे प्रश्न उतारा वाचून उत्तर देण्याचे, आणि उरलेले गाळलेली जागा भरण्याचे. तरीही फुटपाथवरून जुनी पुस्तके आणून जुन्याच पद्धतीने घोकंपट्टी करणारी मुले आम्हाला आजही भेटतात. त्यांचे श्रम वाया जातात याचे वाईट वाटते.

रडून परत आलेली मुलगी

या मुलीनेही आधी तेच केले. एका क्लासला नाव घातले. आईने भिशीतले पैसे उचलून फी भरली. तिसऱ्या आठवड्यात तिथे तिला मोठ्याने वाचायला सांगितले. एका शब्दाचा उच्चार चुकला आणि मागच्या बाकावरची मुले हसली. शिकवणारेही हसले. मुलगी घरी आली ती पोटमाळ्यावर जाऊन बसली, दोन दिवस खाली आली नाही.

तिसऱ्या दिवशी बापाने हाक मारली, "खाली ये. कोणता शब्द होता तो?"

शब्द होता 'मॉर्डंट'. म्हणजे बोचरे, चावरे बोलणे. बाप हसला. म्हणाला, "अगं, हा तर आमच्या खात्यातला शब्द. मी लागलो तेव्हा एक म्हातारा रंगारी होता. तो तुरटीच्या पाण्याला मॉर्डंट म्हणायचा. कापडाला आधी ते पाजायचं, मग रंग. नाहीतर पहिल्या धुण्यात रंग जातो. तो म्हणायचा, रंग कापडाला चावून बसला पाहिजे."

आणि खरोखरच या शब्दाचे मूळ फ्रेंच भाषेत 'चावणे' असे आहे. रंग चावून बसतो तोही मॉर्डंट, आणि बोलणे चावते तेही मॉर्डंट. ज्या शब्दावर क्लासात हसे झाले, तो शब्द तिच्या बापाच्या हाताखालून गेलेला होता. मुलीने आम्हाला सांगितले, "काका, त्या दिवसापासून मला इंग्रजी परकं वाटेनासं झालं."

मग बापलेकीला नादच लागला. स्टेंटर मशीनमध्ये ओले कापड दोन्ही काठांनी पकडून, ताणून वाळवतात. ज्या जुन्या लाकडी चौकटीवर असे कापड आकड्यांनी ताणीत तिला इंग्रजीत 'टेंटर' म्हणत, आणि तिचे आकडे ते 'टेंटरहुक्स'. जीव टांगणीला लागला की इंग्रज म्हणतो, मी टेंटरहुक्सवर आहे. मुलीचा मामा आय. टी. आय. चा फिटर. त्याला 'टेम्पर' विचारले. तो म्हणाला, "पोलाद कडक केलं की ठिसूळ होतं. परत बेताचं तापवून त्याचा ठिसूळपणा काढायचा, ते टेम्पर." परीक्षेत 'टेम्पर' चा अर्थ नेमका हाच येतो: तीव्रता कमी करणे, सौम्य करणे. राग हा अर्थ धरून बसलेला विद्यार्थी तिथे चुकतो. फिटरचा भाचा चुकत नाही.

साधे दिसणारे शब्दच फसवतात

लांबलचक शब्द पाहून मुले घाबरतात. पण खरी फसगत ओळखीचे शब्द करतात. 'क्वालिफाय' म्हणजे पात्र ठरणे हे सर्वांना ठाऊक. परीक्षेत त्याचा अर्थ बहुधा 'मर्यादा घालणे' असा असतो. 'क्वालिफाइड' पाठिंबा म्हणजे अटी घालून दिलेला पाठिंबा. 'चेक' म्हणजे तपासणे, तसेच रोखणे. 'फ्लॅग' म्हणजे झेंडा, तसेच गळून जाणे, थकणे. 'पेडेस्ट्रियन' म्हणजे पायी चालणारा, तसेच अगदी सामान्य, नीरस. 'हजबंड' म्हणजे नवरा, तसेच जपून, काटकसरीने वापरणे. 'सँक्शन' तर दोन उलट अर्थांचा: मंजुरी देणे आणि निर्बंध लादणे. अशा शब्दांची एक वेगळी वही करावी. वीस-पंचवीस शब्द झाले तरी पुष्कळ.

दुसरी गोष्ट छटांची. 'फ्रुगल' आणि 'पार्सिमोनियस' या दोन्हींचा अर्थ कोशात 'कमी खर्च करणारा' असाच सापडेल. पण पहिला काटकसरी, दुसरा कवडीचुंबक. तिची आई एका पगारात घर चालवून भिशीही भरते, ती फ्रुगल. 'टेनेशस' आणि 'ऑब्स्टिनेट' यांचेही तसेच. एक चिकाटीचा, दुसरा हट्टी. वाक्यात स्तुती आहे की निंदा हे आधी पाहावे, मग शब्द निवडावा.

शब्दांची कुळे

इंग्रजीतले पुष्कळ अवघड शब्द लॅटिन आणि ग्रीक भाषेतून आले आहेत. मराठीत 'सु' आणि 'दुर्' लावून सुगम आणि दुर्गम होते, तसे तिथे 'बेने' म्हणजे चांगले आणि 'माल' म्हणजे वाईट. 'बेनेव्हलंट' भले चिंतणारा, 'मॅलेव्हलंट' वाईट चिंतणारा. 'लोक्' हे बोलण्याचे मूळ. त्यातून 'लोक्वेशस' बडबड्या, 'एलोक्वंट' वक्तृत्व असलेला, 'कलोक्वियल' बोलीतले. 'क्रेड' म्हणजे विश्वास. 'क्रेड्युलस' म्हणजे कोणावरही चटकन विश्वास ठेवणारा, भोळा. 'क्रास' म्हणजे लॅटिनमध्ये उद्या; म्हणून 'प्रोक्रॅस्टिनेट' म्हणजे आजचे काम उद्यावर ढकलणे. एक मूळ कळले की पाच-सहा शब्द हाती लागतात.

आणि यातली काही मुळे आपल्या तोंडी रोजचीच आहेत. लॅटिन, संस्कृत आणि पाली या भाषा दूरच्या नात्यातल्या. विहारात आपण 'दान' म्हणतो. लॅटिनमधल्या त्याच्याच नात्यातल्या शब्दापासून 'डोनर' आणि 'डोनेट' आले, आणि परीक्षेत येणारा 'कंडोन' म्हणजे चूक पोटात घालणे हाही त्याच घरचा. अग्नी आणि 'इग्नाइट', दंत आणि 'डेंटल', नाव आणि 'नेव्हल', नव आणि 'नॉव्हेल' यांची जोडी मुलांनी स्वतः लावून पाहावी.

मात्र एक सावधगिरी हवी. मुळावरून अर्थाचा अंदाज येतो, खात्री येत नाही. शंभर ठिकाणी कोश उघडण्याचा कंटाळा करू नये.

एक शब्द, जो पाठ करताना हात थांबला

यादीत एके दिवशी शब्द आला, 'परायाह'. अर्थ दिला होता: समाजाने बाहेर टाकलेला माणूस, बहिष्कृत. ऐकायला आपल्या 'पराया' सारखा, पण त्याच्याशी याचे नाते नाही. हा शब्द तमिळनाडूतल्या परैयर या जातीच्या नावावरून इंग्रजीत गेला. 'परै' म्हणजे एक ढोल. तो वाजवणाऱ्यांची ती जात, अस्पृश्य मानलेली. युरोपियन लोक दक्षिणेत आले आणि सतराव्या शतकात एका जिवंत समाजाचे नाव इंग्रजीत शिवीसारखे रुजले. आज जगभर वर्तमानपत्रे एखाद्या देशाला बहिष्कृत म्हणायचे झाले की हाच शब्द सहज वापरतात. लिहिणाऱ्याला त्यामागचा ढोल ऐकू येत नाही.

मुलीने चिठ्ठी खाली ठेवली. म्हणाली, "हा मी नाही पाठ करणार."

आम्ही तिथेच होतो. काय बोलावे सुचेना. आईच म्हणाली, "पाठ कर. नाव कोणाचं होतं ते पण चिठ्ठीवर लिही. परीक्षा घेणाऱ्याला ठाऊक नसेल, तुला ठाऊक आहे ना?"

ती चिठ्ठी आम्ही पाहिली आहे. एका बाजूला शब्द. दुसऱ्या बाजूला अर्थ, आणि खाली बारीक अक्षरात: 'हे माणसांचे नाव होते. मी लिहिताना या अर्थाने वापरणार नाही.'

त्याच पंक्तीतले आणखी दोन शब्द सांगतो. 'ऑस्ट्रासाइझ' म्हणजे बहिष्कार घालणे. प्राचीन अथेन्समध्ये लोक खापराच्या तुकड्यावर नाव कोरून मत देत, आणि ज्याच्यावर जास्त मते पडत त्याला दहा वर्षे शहराबाहेर घालवीत. त्या खापराचे नाव 'ऑस्ट्राकॉन'. 'स्टिग्मा' म्हणजे कलंक. ग्रीक भाषेत तो गुलामाच्या किंवा गुन्हेगाराच्या अंगावर उमटवलेला डाग. शब्दांच्या पोटात असा इतिहास असतो. ज्यांनी तो भोगला त्यांची मुले हे शब्द इतरांपेक्षा लवकर शिकतील आणि विसरणार नाहीत.

खोक्याची युक्ती

आता पद्धत. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाऊस याने १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून दाखवले की पाठ केलेले पहिल्या एक-दोन दिवसांतच सर्वांत जास्त विसरते, आणि मध्ये दिवस सोडून उजळणी केली की ते टिकते. पुढे लाइटनर नावाच्या जर्मन लेखकाने १९७२ साली त्यावर खोक्याची युक्ती सुचवली. या घरात ती चपलेच्या खोक्यात चालते.

खोक्यात पुठ्ठे लावून पाच कप्पे करावेत. रोज दहा नव्या शब्दांच्या चिठ्ठ्या लिहून पहिल्या कप्प्यात टाकाव्यात. पहिला कप्पा रोज विचारायचा. उत्तर बरोबर आले की चिठ्ठी दुसऱ्या कप्प्यात. तो एक दिवसाआड. तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने. कुठेही चुकले की चिठ्ठी परत पहिल्या कप्प्यात, मग ती चौथ्यातली का असेना. रोज दहा म्हणजे शंभर दिवसांत हजार शब्द. या परीक्षेला एवढा साठा नीट पक्का असला तर पुरेसा आधार होतो. साडेतीन हजार अर्धवट येण्यापेक्षा हजार पक्के बरे.

चिठ्ठीच्या एका बाजूला इंग्रजी शब्द. दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ, देवनागरीत उच्चार, आणि स्वतःच्या आयुष्यातले एक वाक्य. हे वाक्य पुस्तकातून उतरवू नये. इथेच आईचा उपयोग झाला. 'पर्फंक्टरी' चा अर्थ ऐकून आई म्हणाली, "म्हणजे पाट्या टाकणं." 'इफेमरल' ला म्हणाली, "तेरड्याचा रंग तीन दिवस." 'ईक्विव्होकेट' म्हणजे गुळमुळीत, दोन्हीकडून बोलणे, ती म्हणाली, "तळ्यात-मळ्यात." 'एक्झॅसर्बेट' म्हणजे आगीत तेल ओतणे. म्हणी मराठीच्या, शब्द इंग्रजीचे, आणि गाठ अशी पक्की की सुटत नाही. आईला इंग्रजी येत नाही म्हणून तिच्याकडून अभ्यासाला मदत होत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हे घर पाहावे.

मात्र नुसती चिठ्ठी वाचत बसू नये. आधी आठवावे, मग उलटून पाहावे. आठवताना जो ताण पडतो त्यानेच शब्द बसतो.

गाळलेली जागा कशी भरावी

एक नमुना मराठीत घेऊ. 'हा संशोधक एरवी फारच ____ असला, तरी त्या संध्याकाळी तो तासभर बोलत राहिला.' सहा पर्याय दिलेले असतात आणि त्यातले असे दोन निवडायचे की दोन्हींनी वाक्याचा अर्थ सारखाच होईल. पर्याय समजा टॅसिटर्न, लोक्वेशस, रेटिसंट, गॅर्युलस, बेनेव्हलंट आणि क्रेड्युलस.

आधी पर्याय हाताने झाकावेत. वाक्यात 'तरी' आहे, म्हणजे पुढच्या गोष्टीच्या उलट काहीतरी हवे. पुढे आहे तासभर बोलणे, म्हणजे जागेत हवा 'कमी बोलणारा'. आता हात काढावा. टॅसिटर्न आणि रेटिसंट हे दोन्ही अबोल. लोक्वेशस आणि गॅर्युलस हीसुद्धा जोडीच आहे, पण उलटी. घाईत असलेल्याला पकडण्यासाठी ती ठेवलेली असते. बेनेव्हलंट आणि क्रेड्युलस यांना जोडीदारच नाही. दोन्ही शब्द बरोबर आले तरच गुण मिळतो, अर्धा गुण नाही. दोन-तीन जागा गाळलेल्या वाक्यांतही हाच नियम. म्हणून 'ऑलदो', 'डिस्पाइट', 'हेन्स' असे सांधे जोडणारे लहान शब्द आधी शोधावेत. वाक्याची कळ तिथेच असते.

वाचन आणि बाकीच्या गोष्टी

चिठ्ठ्या कितीही केल्या तरी वाचनाला पर्याय नाही. रोज इंग्रजी वर्तमानपत्राचा एक अग्रलेख वाचनालयात बसून वाचावा. आणि आपल्या बऱ्याच घरांत फोटोखाली एक खजिना ठेवलेला असतो, तो उघडावा. बाबासाहेबांचे पुष्कळसे लेखन मूळ इंग्रजीत आहे. महाराष्ट्र शासन १९७९ पासून त्याचे खंड काढत आले आहे. 'अनायहिलेशन ऑफ कास्ट' हे १९३६ चे न झालेले भाषण घ्या. लांब वाक्य, मुद्द्याला मुद्दा, विरोधकाचे म्हणणे आधी मांडून मग खोडणे: परीक्षेतले उतारे असेच असतात. आजवर हार घातलेले पुस्तक पेन्सिल घेऊन वाचले तर अभ्यासही होईल आणि आदरही.

खर्चाचे आधी बघावे. परीक्षेची फी डॉलरमध्ये असते आणि कामगाराच्या घराला ती जड आहे. २०२० नंतर अनेक विभागांनी ही परीक्षा ऐच्छिक केली किंवा काढून टाकली. म्हणून ज्या विद्यापीठात अर्ज करायचा, त्या विभागाची अट प्रथम वाचावी आणि मगच पैसे भरावेत. पासपोर्ट वेळेत काढून ठेवावा, त्यावरचे नाव आणि अर्जातले नाव अक्षर न् अक्षर जुळले पाहिजे. परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या दोन पूर्ण सराव परीक्षा फुकट मिळतात. एक सुरुवातीला द्यावी, दुसरी शेवटच्या पंधरवड्यात. गुण पाच वर्षे चालतात. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आणि राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती यांच्या जाहिराती दरवर्षी पाहाव्यात. अटी बदलत असतात, जुन्या ऐकीव माहितीवर विसंबू नये.

आता त्या मुलीचे काय झाले, हे वाचक विचारतीलच. पहिल्या सराव परीक्षेत तिला भाषेत १४१ मिळाले होते. साडेचार महिन्यांनी खऱ्या परीक्षेत १५३ मिळाले. हे काही डोळे दिपवणारे गुण नव्हेत. पण गणिताच्या गुणांबरोबर ते तिने अर्ज केलेल्या ठिकाणी चालण्यासारखे आहेत. आम्ही हे लिहितो आहोत तोवर दोन विद्यापीठांनी नकार कळवला आहे, एकाने प्रवेश दिला आहे. शिष्यवृत्तीचा निकाल यायचा आहे. घर टेंटरहुक्सवर आहे.

दरम्यान चपलेचे खोके रिकामे पडलेले नाही. गल्लीतल्या बारावीच्या दोन मुलांनी ते मागून नेले. चिठ्ठ्यांचे कोपरे दुमडले आहेत, काहींवर चहाचे डाग आहेत. आई आता रात्री त्यांच्या ओट्यावर जाऊन बसते. परवा आम्ही तिकडून जाताना तिचा आवाज ऐकला, "चिकाटीचा. हट्टी नाही हं, चिकाटीचा?"

दोन्ही मुले एकदम ओरडली, "टेनेशस!"